काचेच्या कपाटातील गिटारी

वस्तू जमविण्याचे वेड हे माणसाच्या जुन्या वेडांपैकी एक आहे. कोणी नाणी जमवितो, कोणी टपालाची तिकिटे, कोणी दौती, तर कोणी अडकित्ते. माझे वेड मात्र जरा विजोड आहे. चेन्नई शहरात, मैलापुरात, कपालीश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर राहणारा एक निवृत्त मराठी गृहस्थ गेली चाळीसपंचेचाळीस वर्षे विजेवर वाजणाऱ्या गिटारी जमवीत आला आहे, असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथम हसू उमटते. त्या गृहस्थाला धड गाता येत नाही आणि वाजविताही बेताचेच येते, हे कळल्यावर ते हसू अधिकच रुंद होते.

माझी पहिली गिटार मी १९७९ साली मूर मार्केटमध्ये घेतली. सेंट्रल स्टेशनाला लागून असलेला तो लाल विटांचा बाजार १९८५ साली आगीत भस्मसात झाला. जुनी पुस्तके, ग्रामोफोन, घड्याळे, कोणाच्या तरी घरातून निघालेली असली नसली ती वस्तू तेथे मिळत असे. तेथील एका दुकानात, दोन शिवणयंत्रांच्या मधोमध, ती गिटार उभी होती. तिच्या दोन खुंट्या नव्हत्या आणि तारा तर एकही नव्हती. पगाराचा चौथा हिस्सा देऊन मी ती घरी आणली. पुढे एकीच्या सात झाल्या. त्यांच्यासाठी काचेची दारे असलेले कपाट करविले, कुलूप बसविले आणि किल्ली माझ्या जानव्याला नसली तरी जवळजवळ तितक्याच निष्ठेने अंगाशी बाळगू लागलो.

ह्या व्यवस्थेला पहिला धक्का दिला तो माझ्या नातीने. मे महिन्याच्या सुट्टीत ती व तिचा धाकटा भाऊ पुण्याहून आमच्याकडे येतात. ती आठ वर्षांची असताना कपाटासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, ह्या वाजवायच्या नाहीत, तर ठेवल्यात कशाला?" मी तिला किमती सांगितल्या, साले सांगितली, दुर्मीळपणा सांगितला. तिने सारे ऐकून घेतले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. मुलांना उत्तर पटले नाही की ती प्रश्न बदलीत नाहीत. त्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे जे काही वाचले, पाहिले, त्यात शोधीत गेलो. आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे ते हेच.

प्रथम ह्या वाद्याची ओळख करून दिली पाहिजे. वाद्यांच्या कुळात विजेची गिटार हे अगदी शेंडेफळ होय. साधी गिटार शतकानुशतके युरोपात वाजत आली. परंतु तिचा आवाज नाजूक. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत मोठमोठे वाद्यवृंद निघाले, त्यांतील पितळी वाद्यांपुढे बिचारी गिटार कोणाला ऐकूच येईना. ह्या अडचणीतून वाट काढली ती जॉर्ज बोशॅम्प आणि अडॉल्फ रिकनबॅकर ह्यांनी. १९३१ साली लॉस एंजेलिस येथे त्यांनी जी गिटार सिद्ध केली तिचा आकार लांब दांड्याच्या तव्यासारखा होता, आणि लोकांनी तिला नावही तेच दिले. तिच्या तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे बसविले होते. पोलादाची तार थरथरली की चुंबकाच्या क्षेत्रात खळबळ होते, त्या खळबळीने वेटोळ्यात अत्यंत क्षीण अशी वीज उत्पन्न होते आणि ती वीज ॲम्प्लिफायरने वाढविली की तोच नाद सभागृहभर घुमतो. फॅरेडेने हे तत्त्व १८३१ साली शोधले होते. म्हणजे प्रयोगशाळेतून गिटारीच्या दांडीपर्यंत येण्यास त्याला बरोबर शंभर वर्षे लागली.

पुढची पायरी चढला तो लिओ फेंडर नावाचा, कॅलिफोर्नियातील एक रेडिओ दुरुस्त करणारा. पोकळ पेटीच्या गिटारीला वीज जोडली की पेटीच स्वतः घुमू लागे आणि कर्कश शिटी वाजे. फेंडरने पेटीच काढून टाकली. १९५० साली त्याने सपाट भरीव फळीची गिटार बाजारात आणली, आणि १९५४ साली तिची अधिक देखणी बहीण, स्ट्रॅटोकास्टर, जन्माला आली. आज जगभर संग्राहक ज्या गिटारींसाठी डोळ्यांत तेल घालून असतात त्या प्रामुख्याने ह्याच पिढीतल्या. माझ्याकडे त्या काळची अस्सल एकही नाही, हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो. माझ्या साती जणी त्यांच्या मागाहून आलेल्या, साध्या घरच्या आहेत.

आता कोणी म्हणेल की, हे सारे परक्याचे कौतुक झाले. ह्या वाद्याचा आणि आपला संबंध काय? हा प्रश्न चेन्नईत बसून विचारणाऱ्याने जरा जपून विचारावा. कारण परके वाद्य आपले कसे होते, ह्याचा धडा हिंदुस्थानात जर कोठे गिरविला गेला असेल तर तो ह्याच शहराच्या परिसरात, आणि त्या धड्याच्या पहिल्या पानावर एक मराठी नाव आहे.

तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे ह्यांचा जन्म १७७७ सालचा. तुळजाजी महाराजांनी त्यांना दत्तक घेतले. परंतु महाराजांच्या पश्चात गादीचा तंटा उपस्थित झाला आणि बाल सरफोजींच्या जिवालाच धोका निर्माण झाला. तेव्हा श्वार्ट्झ ह्या जर्मन मिशनऱ्याच्या पुढाकाराने त्यांना १७९३ साली मद्रासेस हलविण्यात आले. ऐन तारुण्याची ती वर्षे त्यांनी ह्या शहरात काढली. इंग्रजी भाषा, पाश्चात्त्य शास्त्रे आणि पाश्चात्त्य संगीत ह्यांची गोडी त्यांना लागली ती ह्याच काळात. १७९८ साली ते गादीवर बसले. पण पुढल्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला आणि राजांच्या सत्तेत तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर एवढेच उरले. तलवार म्यान झालेल्या ह्या राजाने मग जमविण्याचा ध्यास घेतला. ग्रंथ, हस्तलिखिते, चित्रे, नकाशे, शस्त्रवैद्यकाची उपकरणे! सरस्वती महाल ग्रंथालयाला आज जे वैभव आहे ते पुष्कळसे त्यांच्या हातचे. भोसले कुळाचा इतिहास त्यांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरविला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. परंतु त्यांच्या दरबारी पाश्चात्त्य पद्धतीचा वाद्यवृंदही होता, आणि पाश्चात्त्य स्वरलिपीतील संगीताची हस्तलिखिते त्यांच्या संग्रहात जपून ठेविलेली होती, ही गोष्ट तितकीशी सर्वश्रुत नाही.

ह्या दरबारातील चार बंधू नृत्य व संगीत ह्यांत विख्यात झाले. त्यांतील वडिवेलू हा पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांच्या आश्रयास गेला. १८३४ साली महाराजांनी त्याला हस्तिदंती व्हायोलिन बक्षीस दिले. साहेबाचे वाद्य, मराठी राजाच्या दरबारात वाढलेला तमिळ कलावंत आणि केरळच्या राजाची बिदागी! एका व्हायोलिनभोवती केवढा हिंदुस्थान गोळा झाला होता, पाहा.

सरफोजी राजे १८३२ साली निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी महाराज १८५५ साली निपुत्रिक वारले, आणि कंपनीने वारस नाही ह्या सबबीवर राज्य खालसा केले. राजवाड्यातील चीजवस्तूंवर सरकारी मोहोर उमटली. विधवा राण्यांनी दाद मागितली. प्रकरण थेट विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, परंतु तेथेही निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. ग्रंथालय वाचले आणि १९१८ साली ते सर्वांसाठी खुले झाले, हे आपले भाग्य. तथापि वाद्यवृंद मूक झाला. पुस्तक वाचक नसतानाही काही काळ तग धरते; वाजविणारा हात गेला की वाद्याचे केवळ लाकूड उरते.

ह्याच काळातील दुसरी एक हकीकत ह्याच्या अगदी उलट आहे, आणि ती प्रत्यक्ष मद्रासेच्या वेशीवर घडली. शहराच्या उत्तरेस मणली नावाचे गाव आहे. तेथील जमीनदार मुदलियार ह्यांचा कंपनीच्या साहेबांशी घरोबा होता. त्यांच्या आश्रयाला रामस्वामी दीक्षित नावाचे संगीतज्ञ आपल्या कुटुंबासह येऊन राहिले. त्यांचे वडील चिरंजीव मुत्तुस्वामी दीक्षित हे पुढे कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी एक म्हणून वंद्य ठरले. सेंट जॉर्ज किल्ल्यातील गोऱ्यांचा बँड ऐकावयास ही मुले जात. मुत्तुस्वामींनी त्या विलायती चालींवर संस्कृत पदे रचली. अशी चाळीसच्या आसपास पदे आज प्रसिद्ध आहेत, आणि त्यांत इंग्रजांच्या राष्ट्रगीताची चालदेखील आहे. धाकटे बंधू बाळुस्वामी ह्यांचे चित्त मात्र चालीपेक्षा वाद्यावर जडले. एका युरोपियन वादकापाशी बसून ते व्हायोलिन शिकले आणि मग त्यावर आपले राग वाजवू लागले. वाद्य परके, पण बैठक आपली. साहेब उभा राहून व्हायोलिन हनुवटीखाली धरतो. येथील वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे एक टोक छातीशी टेकवितो आणि दुसरे पायाच्या घोट्यावर ठेवितो. डावा हात असा मोकळा झाला की दांडीवर तो हवा तसा घसरतो आणि गमकाला वाट मिळते. आज व्हायोलिनवाचून कर्नाटक संगीताची मैफल सजत नाही. दोनशे वर्षांमागे हे वाद्य किल्ल्यातल्या पलटणीचे होते, हे मार्गळी महिन्यातल्या सभांना जाणाऱ्या किती श्रोत्यांच्या ध्यानात येत असेल?

परंतु मला ह्या हकिकतीत ओढ वाटते ती तिच्या उत्तरार्धाची. बाळुस्वामी पुढे दक्षिणेकडील एट्टयपुरम संस्थानात राजाश्रयास गेले. त्यांना मुलगा नव्हता. तेव्हा १८३९ साली जन्मलेला आपल्या मुलीचा मुलगा सुब्बराम, ह्याला त्यांनी दत्तक घेतले. एका नात्याने आजोबा, दुसऱ्या नात्याने वडील, आणि तिसऱ्या नात्याने गुरू! आजोबांनी नातवाला आपले सारे भांडार दिले. १८५८ साली बाळुस्वामी वारले तेव्हा नातू एकोणीस वर्षांचा होता. त्या वयात मिळालेले धन त्याने आयुष्यभर सांभाळले. पुढे मद्रासचे चिन्नस्वामी मुदलियार हे देशी संगीत युरोपियन स्वरलिपीत उतरविण्याच्या खटपटीत असताना त्यांची व सुब्बराम दीक्षितांची गाठ पडली, आणि घराण्यातली विद्या लिहून काढा, असा आग्रह त्यांनी धरला. त्या आग्रहाचे फळ म्हणजे १९०४ साली तेलुगू लिपीत प्रसिद्ध झालेला 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा प्रचंड ग्रंथ. मुत्तुस्वामी दीक्षितांच्या दोनशे एकोणतीस कृती, त्यांच्या स्वरलिपीसह, त्यात नोंदलेल्या आहेत. हा ग्रंथ नसता तर ह्या रचनांपैकी किती काळाच्या उदरात गडप झाल्या असत्या, ह्याची कल्पनाच करावी.

त्याच १९०४ सालच्या सुमारास मुंबईचा एक वकील दक्षिणेच्या यात्रेस निघाला होता. त्याला देवदर्शनापेक्षा रागांची व ग्रंथांची तहान अधिक होती. ते होते पंडित विष्णु नारायण भातखंडे. मद्रास, तंजावर असे करीत ते एट्टयपुरमला पोहोचले आणि वृद्ध सुब्बराम दीक्षितांच्या समोर बसले. उत्तरेच्या संगीताची पुनर्मांडणी करणारा मराठी विद्वान आणि आजोबांची विद्या उराशी धरून बसलेला दाक्षिणात्य नातू, ह्यांची ही भेट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. तेथून मिळालेल्या ग्रंथसामग्रीचा भातखंड्यांना पुढे उपयोग झाला. मणलीच्या एका मुलाने व्हायोलिनच्या तारेवर ठेवलेल्या बोटाची लहर अशी कोठच्या कोठे जाऊन पोहोचली.

महाराष्ट्रातील संग्राहकांचा विचार करताना मला एक वेगळे घर आठवते. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी', ह्यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे आणि वाद्ये. त्यांचा एकुलता मुलगा राजा वयाच्या सातव्या वर्षी गेला. ज्याच्या हाती हा संग्रह सोपवावयाचा तोच राहिला नाही. केळकरांनी त्या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले आणि १९७५ साली हजारो वस्तूंचे ते भांडार महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केले. पुढे त्यांच्या नातवानेच त्या संग्रहालयाची धुरा वाहिली. माझी नात शाळेच्या सहलीबरोबर तेथे जाऊन आली. तिने मला दूरध्वनीवर वाद्यांच्या दालनाचे मोठे रसभरित वर्णन ऐकविले आणि शेवटी म्हणाली, "पण आजोबा, तिथे काचेवर बोट ठेवलं तरी रागावतात." मी तिला समजाविले की, शे-दोनशे वर्षांच्या सारंगीला हजारो मुलांचे हात लागले तर ती टिकणार नाही, तेथे काच हवीच. ते तिला पटले. मग ती म्हणाली, "पण तुमच्या घरी आम्ही दोघंच आहोत."

ह्यावर मजपाशी उत्तर नव्हते. आणि चेन्नईचा अलीकडचा इतिहासही तिच्याच बाजूने साक्ष देत होता. जुन्या मद्रासेत पाश्चात्त्य वाद्यांची दुकाने फार पूर्वीपासून आहेत. माउंट रोडवरील 'म्यूझी म्यूझिकल' ह्या पेढीचे मूळ १८४२ सालचे. चित्रपटांचे संगीत ध्वनिमुद्रित होऊ लागल्यावर तर ह्या शहरात देशोदेशीची वाद्ये येऊन दाखल झाली. मल्याळम चित्रपटांचे संगीतकार आर. के. शेखर ह्यांनी अशीच वाद्ये जमविली होती. १९७६ साली ते अकाली गेले तेव्हा त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा होता. ती वाद्ये भाड्याने देऊन घरच्यांनी संसार चालविला. आणि ज्या मुलाने ती लहानपणी हाताळली त्याला आज जग ए. आर. रहमान म्हणून ओळखते. ती वाद्ये विकून टाकली असती किंवा आठवण म्हणून कुलपात ठेवली असती, तर काय झाले असते कोण जाणे.

दुसरे उदाहरण यू. श्रीनिवास ह्यांचे. आंध्रातील पालकोल्लू येथील हा मुलगा सहा वर्षांचा असताना घरात पडलेले वडिलांचे मेंडोलिन त्याने उचलले. मेंडोलिनचा नाद क्षणात विरतो, लांब मींड त्यावर निघत नाही, म्हणून त्यावर राग वाजविणे अशक्य, असे जाणते म्हणत. ह्या मुलाने वीज जोडलेले मेंडोलिन घेतले, जोडतारांऐवजी एकेक अशा पाच तारा लावल्या, आणि १९८१ साली मद्रासच्या रसिकांना थक्क करून सोडले. विजेच्या बळावर नाद टिकू लागला आणि त्या टिकलेल्या नादात गमक मावू लागले. २०१४ साली ह्याच शहरात त्यांचे निधन झाले. पुढे आर. प्रसन्ना ह्यांनी खुद्द विजेच्या गिटारीवर दीक्षितांच्या व त्यागराजांच्या परंपरेचे संगीत वाजविले. पडद्यावर दाबलेली तार आडवी ओढली की स्वर कसा चढतो, हे सतार ऐकलेल्या माणसाला सांगावयास नको. बाळुस्वामींनी जे केले त्याचाच हा पुढचा अध्याय.

आता पुन्हा माझ्या कपाटाकडे येतो. एके वर्षी मुले येण्यापूर्वी मी मोठ्या उदार मनाने ते उघडले. मूर मार्केटची ती पहिली गिटार बाहेर काढली आणि पाहतो तो काय, तारांवर तांबूस गंज चढलेला, दांडी धनुष्यासारखी वाकलेली, आवाजाच्या कळा जागच्या जागी घट्ट बसलेल्या! सहा वर्षे मी तिला हात लावला नव्हता. समुद्रावरची दमट खारी हवा काचेच्या फटींतून आत शिरत होती आणि तारांचा ताण रात्रंदिवस त्या दांडीला ओढीत होता. जवळच्याच एका गल्लीतील कारागिराकडे मी ती नेली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि तमिळमध्ये म्हणाला, "सार, ही कोणी मोडलेली नाही. कोणी वाजविली नाही म्हणून ही अशी झाली." वाजविणारा माणूस तारा पुसतो, बदलतो, कळा फिरवितो, दांडी वाकू लागली तर त्याच्या बोटांना ती प्रथम कळते. मी किल्ली सांभाळली होती आणि गिटार गमावीत आलो होतो.

तिची दांडी सरळ व्हावयास तीन आठवडे लागले. तोवर मुले आली होती. कारागिराकडून गिटार आणताना मी दोघांना बरोबर नेले. तारेखालचे वेटोळे त्याने त्यांना उघडून दाखविले, नातवाने चुंबकाला टाचणी चिकटवून पाहिली, आणि फॅरेडे साहेब मला जन्मात जितके कळले नव्हते तितके त्याला पाच मिनिटांत कळले. नातीने तार छेडली. स्वर बेसूर होता. तिने खुंटी पिळली, पुन्हा छेडली, पुन्हा पिळली. त्या दिवसापासून कपाटाला कुलूप नाही. तीन गिटारींवर ओरखडे उमटले आहेत, एकीची घोडी निखळली होती ती पुन्हा बसविली आहे, आणि संग्राहकांच्या बाजारात त्यांची किंमत उतरली असणार ह्यात शंका नाही.

मूर मार्केटची ती गिटार गेल्या मे महिन्यात पुण्यास गेली. आगगाडीत नात ती मांडीवरून खाली ठेवीत नव्हती, असे तिच्या आईने कळविले. आता दर रविवारी सायंकाळी दूरध्वनी येतो. ती पलीकडून वाजविते, मी इकडे कपाटासमोरच्या खुर्चीत बसून ऐकतो. कपाटात सहा गिटारी आहेत आणि एक जागा रिकामी आहे. ती तशीच ठेवावी, असे मी ठरविले आहे.